अनुभव धागा : इलेक्ट्रिक मोटरसायकलला गिअर हवेत का?

नमस्कार मंडळी. २६ वर्षं गिअरची गाडी चालवून गेल्या दिवाळीत बिनगिअरची इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतली. अजूनही सिग्नल सुटला की डावा पाय हवेत काहीतरी शोधतो. पेट्रोलचं इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या खाली गुदमरतं, म्हणून त्याला गिअर. मोटर शून्य फेऱ्यांपासूनच जोर लावते, तिला कशाला? पण मग अहमदाबादच्या मॅटर कंपनीने चार गिअर आणि क्लचवाली एरा ही इलेक्ट्रिक मोटरसायकल आणली, आणि तेव्हापासून मनात किडा वळवळतोय. ज्यांनी चालवलंय त्यांनी लिहा. रस्ता कुठला आणि मागे कोण बसलं होतं, एवढं नक्की सांगा. जाहिरातीतले आकडे मीही वाचलेत.

सातारा
बायकोला मागे बसवून कासला निघालो होतो. यवतेश्वरचा घाट निम्मा चढलो आणि मोटर तापल्याचा दिवा लागला. गाडीने स्वतःच जोर आवरता घेतला, मग सायकलवाला बरा अशी चाल. झाडाखाली वीसेक मिनिटं थांबलो. बायको म्हणाली, "पहिला गिअर टाका की!" टाकला असता, असता तर. मोकळ्या रस्त्यावर हीच गाडी ८५ ला हसत जाते.

कोल्हापूर, मोटर रिवायंडिंग
सातारकर, तुमची गाडी कमजोर नाही, तिची अडचण केलीय. बिनगिअरच्या गाडीत एकच गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीला मोटरच्या किती फेऱ्या), आणि ते वरच्या स्पीडकडे बघून ठरवलेलं असतं. घाटात स्पीड २५ आणि जोर मात्र पुरा लागतो. जोर म्हणजे करंट. आणि वायंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, तापतं ते करंटच्या वर्गाने. करंट दुप्पट झाला की ताप चौपट. माझ्याकडे जळालेल्या मोटरी येतात त्या जोरात फिरून जळालेल्या क्वचितच. बहुतेक अडकून, ओढून जळतात. खालचा गिअर असेल तर मोटर भराभर फिरते, तेवढ्याच चढाला कमी करंट घेते. गिअर ताकद वाढवत नाही हो, घाम कमी करतो.

चेनची गाडी असेल तर मागचं स्प्रॉकेट (चेन बसते ते दातेरी चाक) बदलून बघा. एका गिऱ्हाईकाला ४२ दात्यांच्या जागी ४८ चं बसवून दिलं. करंट आठव्या हिश्शाने उतरला, म्हणजे ताप जवळजवळ पाव हिश्शाने. वरची स्पीडही आठव्या हिश्शाने गेली, ते सोसायचं. वॉरंटीचं मात्र आधी विचारा, नंतर माझ्या नावाने शिमगा नको.

नागपूर
आमच्या गावात चढ म्हणजे उड्डाणपूल. सीताबर्डीच्या गर्दीत क्लच दाबून दाबून माझं डावं मनगट कामातून गेलं होतं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि गाडी बदला म्हणाले. बिनगिअरची घेऊन दीड वर्ष झालं, पट्टा कपाटात आहे. मला गिअर फुकट दिले तरी नको.

पोर्टलंड, ओरेगॉन
इथल्याच अ‍ॅशलंडच्या ब्रॅमो कंपनीची एम्पल्स ही इलेक्ट्रिक मोटरसायकल सेकंडहँड घेतली होती. चक्क सहा गिअर! पहिल्या आठवड्यात हौसेने सगळे टाकले. महिन्याभराने लक्षात आलं की शहरात मी तिसरा टाकतो आणि विसरतो. सिग्नलला क्लच धरायचीही गरज नाही, मोटर बंद पडण्याचा प्रश्नच नसतो. गिअरमध्येच थांबा, तसेच निघा. डोंगराकडे गेलो तरच दुसऱ्यावर यायचो, आणि तेव्हा फरक खरंच जाणवायचा. पोलारिस कंपनीने २०१५ मध्ये ब्रॅमोचा मोटरसायकलचा धंदा घेतला, गाडी आपल्या व्हिक्टरी ब्रँडच्या नावाने विकली आणि २०१७ मध्ये व्हिक्टरीच गुंडाळली. सहापैकी चार गिअर मी केवळ पैसे दिले होते म्हणून वापरले.

चाकण, गिअरबॉक्स डिझाइन
माझं पोट गिअरवर चालतं, तरी लिहितो. दात्यांची प्रत्येक जोडी थोडी शक्ती खाते, वर वजन, तेल, सील. मोटरचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, जड आणि वेगात फिरणारा. गिअर बदलताना त्याच्या फेऱ्या जुळल्या नाहीत तर झटका थेट दात्यांवर बसतो. फॉर्म्युला ई ही इलेक्ट्रिक गाड्यांची शर्यत २०१४ मध्ये पाच गिअरवर सुरू झाली, पुढे संघ एकेक गिअर कमी करत गेले. उलट पोर्शे टायकान या इलेक्ट्रिक कारच्या मागच्या आसाला दोन गिअर आहेत, एक उसळी मारायला, दुसरा वेगाला. मोटरसायकलला द्यायचेच तर माझ्या मते दोन पुरेत. चार ही पायाच्या सवयीची सोय आहे. (सवयीचीही किंमत असतेच, नाकारत नाही.)

सावंतवाडी
सगळे चढाचं बोलताहेत, उताराचं कोणीच नाही. आंबोलीत मित्राकडे रात्री गाडी पूर्ण चार्ज केली, सकाळी घाट उतरायला लागलो. पेट्रोलच्या गाडीला दुसऱ्यावर टाकलं की इंजिन धरून ठेवतं. इथे थ्रॉटल सोडलं तरी गाडी सुसाट! मोटर ब्रेक लावते ती वीज बनवून, आणि बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती वीज घालायची कुठे? खाली येईपर्यंत ब्रेकचा वास येत होता. गिअर असते तरी हे टळलं नसतं. आता आंबोलीत ८० टक्क्यांवर प्लग काढतो.

सातारा (पुन्हा)
कोल्हापूरकर, सहा दाते वाढवले. सर्व्हिस सेंटरला विचारलं, मागच्या चाकापुरती वॉरंटी गेली, जाऊ दे. रविवारी तोच घाट, तीच बायको, शिवाय डबा. दिवा लागला नाही. कासला पोहोचलो, फुलं नव्हती, धुकं होतं. आता हायवेला ७४ च्या पुढे जात नाही आणि मागून ट्रकवाले हॉर्न मारतात. बायको म्हणते, दुसऱ्यावर टाका की.