दुखापती हे कारण की सबब? कॉलेज आइस हॉकी आणि तुटपुंजी राखीव फळी

तळ्याकाठी यांचा प्रश्न

नमस्कार. हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ॲस्ट्रोटर्फ उभे राहते, म्हणून आधीच सांगतो की प्रश्न बर्फावरच्या हॉकीचा आणि तोही अमेरिकी विद्यापीठांच्या पहिल्या विभागातील पुरुष संघांचा आहे. मिडवेस्टमधील एका विद्यापीठाच्या गावात मी गेली नऊ वर्षे राहतो. मुलगी तिथेच शिकते आणि तिच्यामुळे लागलेले हे वेड आता तिच्यापेक्षा मलाच अधिक आहे.

आमचा संघ नाताळपर्यंत उत्तम खेळत होता. त्यानंतर दोन बचावपटू, पहिल्या फळीतील सेंटर (आळीपाळीने बर्फावर उतरणाऱ्या आघाडीच्या त्रिकुटांपैकी पहिल्यातील मधला खेळाडू) आणि आणखी एक आघाडीचा खेळाडू असे चौघे एकामागून एक जायबंदी झाले आणि संघ घसरणीला लागला. प्रशिक्षक प्रत्येक वेळी दुखापतींकडे बोट दाखवतात, तेव्हा मला ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आठवत असे. मात्र गेल्या शनिवारी मी आमच्या संघाच्या बाकामागेच बसलो होतो. तिसऱ्या सत्रात बर्फावरून परतलेला एक बचावपटू स्टिक गुडघ्यांवर आडवी ठेवून, मान खाली घालून धापा टाकत होता आणि त्याचा श्वास स्थिर होण्याआधीच त्याला पुन्हा कठड्यावरून उडी मारावी लागली. त्या सत्रात आम्ही तीन गोल खाल्ले. शुक्रवारी मात्र याच संघाने त्याच प्रतिस्पर्ध्याला बरोबरीत रोखले होते.

माझा प्रश्न असा, की सव्वीस जणांच्या संघातील चौघे नसले तर एवढा फरक खरोखर पडतो का, की माझ्यातला भाबडा चाहता प्रशिक्षकांच्या बोलण्याला भुलतो आहे?

निळी रेषा यांचे उत्तर

सव्वीस हा आकडा बाजूला ठेवून बचावपटूंचाच हिशेब करून पाहा. सामना साठ मिनिटांचा असतो आणि बर्फावर एका वेळी साधारणपणे दोन बचावपटू असतात, म्हणजे एकूण 120 मिनिटे वाटून घ्यायची असतात. सहा जण असले तर प्रत्येकी सरासरी 20 मिनिटे येतात, पाच असले तर 24 आणि चारच उरले तर 30. पॉवर प्लेच्या वेळी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा गडी शिक्षेमुळे बाहेर असताना, अनेक संघ एकच बचावपटू ठेवतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे खाली येतात, पण चित्र बदलत नाही. शिवाय ही वाटणी समान कधीच नसते. तिसऱ्या जोडीतील जो मुलगा एरवी बारा-तेरा मिनिटे, तीही प्रतिस्पर्ध्याच्या दुबळ्या फळीसमोर खेळतो, त्याला आता त्यांच्या सर्वोत्तम फळीसमोर उभे राहावे लागते. पहिला खेळाडू जायबंदी होतो, पण त्याची किंमत तिसरा आणि पाचवा खेळाडू मोजतात.

तुम्ही पाहिलेली शनिवारची पडझड योगायोगाने झालेली नाही. कॉलेज हॉकीत बहुतेक लढती शुक्रवारी आणि शनिवारी लागोपाठ होतात. शुक्रवारी जोशात 27 मिनिटे खेळून गेलेल्या मुलाला ती शनिवारी उशिरा जाणवू लागतात. थकलेल्या खेळाडूचे पाय पोहोचत नाहीत तेव्हा त्याची स्टिक पोहोचते. मग हुकिंग किंवा होल्डिंगची (प्रतिस्पर्ध्याला स्टिकने अडकवण्याची किंवा धरून ठेवण्याची) दोन मिनिटांची शिक्षा होते आणि आधीच अपुऱ्या असलेल्या फळीला एक गडी कमी घेऊन खेळावे लागते, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

व्यावसायिक संघाला खालच्या लीगमधून दुसऱ्या दिवशी बदली खेळाडू बोलावता येतो. विद्यापीठाला तशी सोय नाही. फार तर जानेवारीत ज्युनियर लीगमधून एखादा नवा मुलगा आणता येतो, पण त्याला आधी विद्यापीठात रीतसर प्रवेश मिळावा लागतो. खेळाडूंच्या संख्येवर पूर्वी मर्यादा नव्हती, फक्त शिष्यवृत्त्या 18 पर्यंतच देता येत. कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या हाउस खटल्यातील तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना 2025-26 पासून 26 जणांची मर्यादा लागू झाली आहे. त्यात तीन गोलरक्षक आणि आठ बचावपटू धरले, तर आघाडीसाठी पंधराच जागा उरतात.

उपचारकक्ष यांचे उत्तर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हॉकी संघासोबत काम केलेले नाही, मात्र स्केटिंग करणारे रुग्ण बरेच पाहिले आहेत. वरचा हिशेब पटला, पण त्यात वेळेचा भाग राहून गेला आहे. नियमित हंगाम जास्तीत जास्त 34 सामन्यांचा असतो. सहा आठवड्यांची दुखापत म्हणजे बारा सामने, अर्थात एक तृतीयांशाहून अधिक हंगाम वाया. ऐंशीहून अधिक सामने खेळणाऱ्या व्यावसायिक संघासाठी तीच दुखापत जेमतेम पाव हंगामाची ठरते.

दुखापतींचे स्वरूपही समजून घ्यायला हवे. खांद्याच्या सांध्याला कठड्यावर आदळून बसणारा मार, गुडघ्याच्या आतील बाजूचा अस्थिबंध ताणला जाणे, पक (खेळातील रबरी चकती) अंगावर झेलताना पावलाचे किंवा हाताचे हाड मोडणे हे प्रकार नेहमीचे आहेत. कॉलेजमध्ये संपूर्ण चेहरा झाकणारी जाळी किंवा काच सक्तीची असल्यामुळे दात आणि डोळे पुष्कळ वाचतात, पण मेंदूला बसणारा हादरा त्या जाळीने थांबत नाही. असा हादरा (कन्कशन) बसलेल्या खेळाडूला टप्प्याटप्प्याने परत आणले जाते, प्रत्येक टप्प्याला निदान एक दिवस द्यावा लागतो आणि लक्षणे परतली की मागे यावे लागते. त्यामुळे तो कधी खेळेल याची तारीख प्रशिक्षकाला कोणीही देऊ शकत नाही.

सर्वांत फसवी दुखापत घोट्याच्या वरची. नडगीच्या दोन हाडांना खालच्या टोकाशी बांधून ठेवणारे अस्थिबंध तिथे दुखावतात. साध्या मुरगळीपेक्षा ही बरी व्हायला बराच अधिक वेळ लागतो, आणि स्केटिंगमध्ये प्रत्येक रेट्याला पाऊल बाहेरच्या बाजूस फिरत असल्याने नेमका त्याच जागी ताण येतो. असा मुलगा तुम्हाला कॅम्पसवर व्यवस्थित चालताना दिसेल आणि तुम्ही म्हणाल, याला झाले तरी काय! त्यात संघ फक्त ‘शरीराच्या खालच्या भागाची दुखापत’ एवढेच जाहीर करतो. प्रतिस्पर्ध्याने त्याच जागेवर नेम धरू नये हा त्यामागील हेतू रास्त असला, तरी चाहते अंधारात राहतात.

जुना प्रेक्षक यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मान्य करूनही मी थोडा विरोधी सूर लावतो. दुखापती सगळ्यांनाच होतात. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हा खरा प्रश्न आहे आणि आड किती खोल खणायचा हे दोन-तीन वर्षे आधी, खेळाडू निवडतानाच ठरते.

मिनेसोटा विद्यापीठाचे उदाहरण घ्या. जानेवारी 2022 मध्ये त्यांचा गोलरक्षक जॅक लाफाँटेन, जो आदल्याच वर्षी देशातील सर्वोत्तम कॉलेज गोलरक्षक ठरला होता, ऐन हंगामात संघ सोडून कॅरोलायना हरिकेन्स या व्यावसायिक संघाकडे गेला. ही दुखापत नव्हती, पण संघापुढचा खड्डा तेवढाच मोठा होता. तोवर बहुतांश बाकावरच बसलेला जस्टिन क्लोज गोलमध्ये उभा राहिला आणि तो संघ त्याच मोसमात फ्रोझन फोरपर्यंत (राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत), तर 2023 मध्ये थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तिथे अतिरिक्त वेळेच्या दहाव्या सेकंदाला गोल करून क्विनिपियाकने 3-2 असा विजय मिळवला, ही गोष्ट वेगळी.

मिशिगनचा 2022-23 चा हंगामही पाहा. नोव्हेंबरमध्ये ॲडेनोव्हायरसने अनेक खेळाडूंना एकदम गाठले. बचावपटू स्टीव्हन होल्ट्झ तर अतिदक्षता विभागात होता. डिसेंबरअखेर ॲडम फँटिली आणि ल्यूक ह्यूज हे दोघे बिनीचे खेळाडू आपापल्या देशांकडून जागतिक ज्युनियर स्पर्धेसाठी गेले, म्हणजे आणखी दोन जागा रिकाम्या. तरीही तो संघ मार्चमध्ये बिग टेन या आपल्या लीगची स्पर्धा जिंकला, फ्रोझन फोरला गेला आणि होल्ट्झही त्याच हंगामात पुन्हा खेळला.

निळी रेषा

जुना प्रेक्षक, तुमची दोन्ही उदाहरणे श्रीमंत घरची आहेत. मिनेसोटा आणि मिशिगनच्या तिसऱ्या फळीतील मुलगा लहान विद्यापीठात पहिल्या फळीत खेळला असता. शिवाय गोलरक्षक एकच लागतो आणि तो दमून बाकावर येत नाही, त्यामुळे तिथे एक चांगला पर्याय पुरतो. बचावात मात्र दोन माणसे गेली की पूर्ण घडी विस्कटते. बहुतेक प्रशिक्षक अशा वेळी आघाडीच्या एखाद्या खेळाडूला मागे आणून ठिगळ लावतात. तो वेगवान असतो, पण उलटे स्केटिंग करताना समोरच्याशी अंतर किती राखायचे याचा अंदाज त्याला नसतो. तो लवकर मागे सरकतो आणि निळी रेषा (आपल्या बचावक्षेत्राची सीमा) फुकट देऊन बसतो.

याहून कडवट बाब अशी, की राष्ट्रीय स्पर्धेच्या 16 जागांपैकी सहा लीगविजेत्यांना जातात आणि उरलेल्या दहा निव्वळ गणिताने भरल्या जातात. त्यासाठी पूर्वी पेअरवाइज ही क्रमवारी होती, 2025-26 पासून एनपीआय ही नवी क्रमवारी आली, पण जानेवारीतील पराभवाच्या वेळी तुमच्याकडे चारच धड बचावपटू होते याची नोंद दोन्हींत कुठेही नाही. म्हणून तुमचे प्रशिक्षक सबब सांगत नसले, तरी त्यांचे ऐकून घेणारे तिथे कोणी नाही.

तळ्याकाठी

सर्वांचे आभार. प्रशिक्षकांबद्दलचे माझे मत काहीसे निवळले आहे, पण जुना प्रेक्षक यांचा मुद्दाही मनातून जात नाही, कारण आमच्याकडे या हंगामाच्या सुरुवातीलाच सातच बचावपटू होते आणि आघाडीला भरमसाट गर्दी होती. ती निवड कोणाची, हे विचारायला हवे.

दोन जायबंदी बचावपटूंपैकी एक जण परवा परतला. उपचारकक्ष यांचे उत्तर वाचून गेलो होतो, म्हणून सरावाच्या दहा मिनिटांत मी पकऐवजी त्याच्या पायांकडेच पाहत होतो. थांबताना तो प्रत्येक वेळी एकाच बाजूला वळून थांबत होता. पहिल्या सत्राच्या मध्यावर प्रतिस्पर्ध्याच्या विंगरला (कडेने खेळणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला) हे कळले असावे, कारण त्यानंतर तो सतत दुसऱ्या बाजूनेच आत शिरू लागला.