सात इस्पिक, दहा पॉइंट: ओपनिंग एक की तीन?

रत्नांग्रीकर:
नमस्कार मंडळी. गणपतीत आमच्याकडे रात्री जागरणाला मेंढीकोटच्या जोडीला ब्रिजचं पण एक टेबल लागतं, त्यातल्या एका डावावरून विसर्जन झालं तरी घरात वाद चालूच आहे म्हणून इथे विचारतोय. मी डीलर, म्हणजे पहिली बोली (ओपनिंग) माझी; आम्ही नॉन-व्हल्नरेबल, समोरचे व्हल्नरेबल, म्हणजे त्यांना गेमचं बक्षीस आणि हात कमी पडल्याचा दंड दोन्ही जास्त. माझी पानं: इस्पिक एक्का राजा गुलाम 9 7 4 3, बदाम 6, चौकट राणी 8 2, किलवर 5 4, म्हणजे दहा पॉइंट (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1).
मी तीन इस्पिक बोललो (इस्पिक हुकूम धरून सहा अधिक तीन, नऊ हात करायचे), सगळे पास. पार्टनर म्हणजे आमचे काका, त्यांच्याकडे इस्पिक 8 5, बदाम एक्का 9 7 3, चौकट एक्का राजा 6 4, किलवर 9 7 2. किलवरचे दोन आणि हुकमाच्या राणीचा एक हात गेला, बाकी दहा झाले. चार इस्पिक बोललो असतो तर गेमचे (मोठ्या बक्षिसाच्या बोलीचे) 420 मिळाले असते तिथे 170. काका म्हणतात एक बोलायचं, आतेभाऊ म्हणतो सरळ चार, आणि मला वाटतं बारा पॉइंट नाहीत तर तीनच. कसं ठरवायचं?

मालवणी_खाजा:
माका इचारशात तर एक इस्पिक. पॉइंट 10, सगळ्यात लांब दोन सूट 7 आणि 3, बेरीज 20. वीसचा नियम बसतो, म्हणजे एकनं ओपन करायला हरकत नाही. मग काका दोन चौकट, तू दोन इस्पिक, काका तीन, आणि सातवं पान हातात असल्यावर तू चारवर जाणारच.

देवगडवाला:
काकांनी पास केला ते बरोबरच होतं हे आधी सांगतो. नॉन-व्हल्नरेबल असताना तीन इस्पिक म्हणजे ‘माझ्याकडे साधारण सहा हात आहेत, समोरच्यांनी डबल करून दंड वाढवला तर तीन हात कमी पडतील, 500 जातील, पण समोरच्यांचा 620 चा गेम अडेल’. काकांनी स्वतःचे तीन हात मोजले, सहा आणि तीन नऊ, मग चारवर कशाला जातील? तुझी पानं त्यापेक्षा जास्त होती ते त्यांना कळायला मार्गच नव्हता.
तीनचं खरं पान बघ कसं असतं: इस्पिक राजा राणी गुलाम 10 9 4 3 आणि बाहेर काहीच नाही. एक्का गेला की सहा हात नक्की, पण हुकूम बदाम झाला तर ही सूट जवळपास कामातून गेली. तुझ्याकडे एक्का-राजा आहे, समोरचे चार बदाम खेळले तरी निदान एक हात तू बहुतेक घेणार, शिवाय चौकटची राणी. असं पान अडवणुकीत घालवायचं नाही, म्हणून नुसते पॉइंट न मोजता ते कुठल्या सुटीत आहेत ते बघ.

गुहागर_खाडी:
थेट चार इस्पिक बोलण्याबद्दल कोणीच काही म्हटलं नाही. तिसऱ्या सीटवर (बोलीची तिसरी पाळी), पार्टनर पास झालेला असेल तर मी पण चारच बोलेन, कारण स्लॅम (बारा-तेरा हातांची बोली) जवळजवळ संपलेला असतो आणि समोरच्याला चारच्या लेव्हलला तोंड उघडावं लागतं. पण तू डीलर होतास, काकांकडे सोळा पॉइंट असते तर? त्यांना काही विचारायला जागाच उरली नसती. आणि चौथ्या सीटवर तिघं पास झाल्यावर पोकळ तीन बोलूच नये, अडवायचं कोणाला तिथे?

रत्नांग्रीकर:
धन्यवाद, काकांना हे वाचून दाखवलं, त्यांना तो पासचा मुद्दा फार पटला. हेच किलवरमध्ये असेल तर? सात पानं, एक्का राजा राणी गुलाम सगळं, बाहेर काही नाही.

देवगडवाला:
त्याला काही जण थेट तीन नो ट्रम्प (हुकूम न ठेवता नऊ हात) बोलतात, गॅम्बलिंग म्हणतात त्याला. सात हात तयार आहेत आणि बाहेर एक्का किंवा राजा नाही असा त्याचा अर्थ. पार्टनरकडे बाकीच्या सुटी अडवणारी पानं असतील तर तो पास करतो, नसतील तर चार किलवर बोलून बाहेर पडतो, तुझी लांब सूट किलवरऐवजी चौकटची असली तर तू चार चौकट बोलून ते दुरुस्त करायचंस. पण हे काकांशी आधी ठरलेलं हवं, टेबलावर अचानक काढू नकोस.