गोव्यात महाविद्यालयीन मुलींचा गोल्फ संघ: पाचवी मुलगी कुठून आणावी?

क्रीडाशिक्षिका, फोंडा

नमस्कार. फोंडा तालुक्यातील एका महाविद्यालयात मी गेली अकरा वर्षे शारीरिक शिक्षण विभाग सांभाळत आहे. खो-खो आणि व्हॉलीबॉल हे माझे खेळ. गोल्फचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी प्रथम हातात धरला, तोही दोन विद्यार्थिनींमुळे. दोघीही काणकोणच्या. एकीचे वडील राजबागच्या नऊ होलच्या, म्हणजे चेंडू टाकायचे नऊ खळगे असलेल्या, मैदानावर गवताची निगा राखतात, दुसरीचा मामा कॅडीचे, म्हणजे खेळाडूची बॅग वाहण्याचे, काम करतो, आणि जुन्या, टाकून दिलेल्या क्लबांनी हरवलेले चेंडू मारत त्या शिकल्या. वसतिगृहामागच्या कुळागराच्या कडेला त्यांना सेव्हन आयर्न या मध्यम पल्ल्याच्या क्लबने चेंडू मारताना मी प्रथम पाहिले, तेव्हा पात्याला चेंडू लागल्याचा आवाज इतका स्वच्छ होता की मी हातातले काम विसरून तेथेच उभी राहिले.

पुढे व्हॉलीबॉलच्या संघातील एक उंच मुलगी आणि शाळेत हॉकी खेळलेली दुसरी, अशा आणखी दोघी तयार झाल्या. प्राचार्यांनी एका शैक्षणिक वर्षाची मुदत दिली आहे. तेवढ्या अवधीत संघ म्हणवून घेण्याजोगे काही उभे राहिले, तर प्रवासखर्चाचा प्रस्ताव व्यवस्थापनापुढे ठेवू, असे त्यांनी सांगितले आहे. अडचणी उघड आहेत. मैदान आमच्यापासून साठ किलोमीटरच्या आसपास. जून ते सप्टेंबर पाऊस. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्या गोव्यात भरल्या, तरी गोल्फच्या लढती दिल्लीला घ्याव्या लागल्या. शिवाय मैदान चालवणाऱ्या एका गोल्फ संस्थेत चौकशीसाठी गेले असता, मुलींना शनिवार-रविवारी सकाळची वेळ देता येणार नाही, ती सभासदांची वेळ आहे, असे उत्तर मिळाले. ते मला अजून सलते आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयांत मुलींचे संघ वीस-वीस, तीस-तीस वर्षे सांभाळणारे प्रशिक्षक असतात, असे वाचले. स्वतः मोठी खेळाडू नसलेल्या माझ्यासारखीला त्यांच्या कामातून काय घेता येईल? आरंभ तंत्रापासून करावा की निवडीपासून? आणि चार महिने पावसात मुलींना काय करायला लावावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

राजबागकर

बाई, तुमचा प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. मी पंधराव्या वर्षी कॅडी म्हणून या खेळात आलो आणि गेली बावीस वर्षे शिकवतो आहे, त्यामुळे जे लिहितो ते थोडे वाचनातून आणि पुष्कळसे मैदानावरून आले आहे.

तुम्ही पाचव्या मुलीचा उल्लेख केवळ शीर्षकात केला आहे, पण माझ्या मते सगळा प्रश्न तेथेच आहे. महाविद्यालयीन गोल्फमध्ये सामान्यतः पाच जणी खेळतात आणि प्रत्येक फेरीतील सर्वांत कमी फटक्यांच्या चार आकड्यांची बेरीज संघाच्या नावावर लागते. समजा, तुमच्या मुलींनी ७८, ८१, ८४, ९० आणि ९७ अशा फेऱ्या खेळल्या, तर ९७ गळून संघाचे ३३३ होतात. आता ७८ वाली मुलगी तापाने झोपली, तर तीच ९७ हिशेबात येते आणि संघ ३५२ वर जातो. एकोणीस फटक्यांचा हा फरक पहिल्या मुलीचा स्विंग सुधारून भरून निघत नाही. तो कमी होतो ९७ ची ९० करून, आणि ९७ ची ९० करणे हे ७८ ची ७५ करण्यापेक्षा फार सोपे असते. त्यातही अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेत २०१५ पासून मुलींच्या अंतिम टप्प्यात पहिले आठ संघ मॅच प्लेने, म्हणजे एकीविरुद्ध एक अशा लढतींनी, भिडतात. तेथे पाच स्वतंत्र लढती होतात, तीन जिंकणारा संघ पुढे जातो, आणि पाचव्या मुलीच्या विजयाची किंमत पहिलीच्या विजयाइतकीच असते.

आता प्रशिक्षकांविषयी. ड्यूक विद्यापीठाचे डॅन ब्रुक्स यांनी १९८४ मध्ये मुलींच्या संघाची जबाबदारी घेतली आणि त्यांच्या संघाने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले ते १९९९ मध्ये. मधली पंधरा वर्षे विद्यापीठाने धीर धरला, आणि त्यानंतर २०१९ पर्यंत त्याच माणसाच्या हाताखाली आणखी सहा विजेतेपदे आली. ॲरिझोना राज्य विद्यापीठात लिंडा व्होलस्टेट यांनी १९९० ते १९९८ या काळात सहा विजेतेपदे मिळवून दिली, पण त्यांना बारमाही कोरडी हवा आणि वाळवंटातली मैदाने मिळाली होती. आपल्यासाठी त्यांच्यापेक्षा जवळचे उदाहरण एमिली फ्लेचर यांचे आहे. त्यांचे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ शिकागोच्या उत्तरेला आहे. तेथे हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली जातात आणि मुलींना कित्येक आठवडे छपराखाली सराव करावा लागतो. त्यांचा संघ २०१७ मध्ये अंतिम फेरीत हरला. दुसरी संधी येण्यास आठ वर्षे लागली, आणि २०२५ मध्ये त्यांनी स्टॅनफर्डसारख्या बलाढ्य संघाला ३-२ असे हरवून मुलींच्या गोल्फमधले विद्यापीठाचे पहिले विजेतेपद मिळवले. त्यांचा बर्फ तो आपला पाऊस, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

पावसाळ्याचे मी असे करतो. फरशीच्या दोन लाद्यांमधली सांध ही पटिंगची, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच होलकडे घरंगळवण्याची, सर्वांत उत्तम शिक्षिका आहे. त्या सांधेवर चेंडू ठेवावा, हातभर पुढे दोन नाणी चेंडू जेमतेम जाईल इतक्या अंतरावर मांडावीत, आणि नाण्याला न लागता चेंडू मधून गेला तरच मोजावा. त्यासाठीच्या क्लबचे, म्हणजे पटरचे, तोंड केसभर जरी तिरपे झाले तरी नाणे खणकन वाजते, मला काही सांगावेच लागत नाही. चिपिंगसाठी, म्हणजे जवळून चेंडू उचलून टाकण्याच्या छोट्या फटक्यासाठी, काथ्याचे पायपुसणे आणि उलटी उघडून ठेवलेली छत्री पुरते. पायपुसण्यावरून चेंडू उचलून आठ पावलांवरच्या छत्रीत टाकायचा. जमिनीला आधी लागून मग चेंडूला लागणारा फटका पायपुसण्यावर लगेच उघडा पडतो, कारण पायपुसणेच सरकते. प्रत्येक मुलीने रोज वीस पट आणि वीस चिप मारून वहीत आकडा लिहावा. नवशिकीच्या फेरीत निम्म्याच्या आसपास फटके ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, आणि ग्रीनच्या भोवतीच जातात, त्यामुळे चार महिने एवढेच केले तरी ऑक्टोबरात तुमची ९७ वाली मुलगी वेगळी दिसेल.

एक सूचना अवांतर वाटेल, पण करतो. नव्या मुलीला चौदा क्लबांचा पूर्ण संच घेऊ नका. चौदा ही नियमाने कमाल मर्यादा आहे, किमान नव्हे. लांबच्या फटक्यांसाठी एक हायब्रिड, सेव्हन आणि नाइन आयर्न, जवळच्या उंच फटक्यांसाठी एक वेज, पटर, एवढ्यावर वर्ष निघते. मात्र स्पर्धेत दोघींना मिळून एक संच चालत नाही; एकीच्या खेळातला क्लब दुसरीला वापरता येत नाही, म्हणून पाच अर्धे संच लागतीलच.

मडगावची आई

माझी मुलगी चार वर्षे अमेरिकेतील एका लहान विद्यापीठाच्या संघात खेळली. तो संघ कधी वर्तमानपत्रात आला नाही, पण तिच्या प्रशिक्षक बाईंचे काम मी जवळून पाहिले आहे, म्हणून लिहिते.

त्या बाई स्वतः मिनीबस चालवत. प्रत्येक स्पर्धेपूर्वी मुलींना आपापसांत फेऱ्या खेळायला लावत आणि त्या आकड्यांवरच पाच जणी ठरत. चार नावे आकड्यांवरून आणि पाचवे बाईंच्या मतावरून. माझी मुलगी पहिल्या वर्षी दोनदा बाहेर राहिली आणि दोन्ही वेळा रडत फोन केला, परंतु बाईंनी अन्याय केला असे तिला कधी म्हणता आले नाही, कारण वही सर्वांसमोर उघडी होती. तेथे हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास सराव, असा नियम आहे. त्यामुळे बाईंना तास मोजून वापरावे लागत, आणि परीक्षेच्या आठवड्यात त्या स्वतःहून सराव कमी करत. आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती: तेथील महाविद्यालयीन स्पर्धांत प्रशिक्षकाला फेरी चालू असतानाही खेळाडूला सल्ला देता येतो. बाई नेहमी अवघड अशा एखाद्या तीन पारच्या, म्हणजे तीन फटक्यांत पुरा करणे अपेक्षित असलेल्या, होलच्या टीवर (पहिला फटका मारण्याच्या जागी) उभ्या राहत आणि पाचही जणींना वाऱ्याचा अंदाज देत. त्यासाठी त्यांना मोठी खेळाडू असण्याची गरज नव्हती. आदल्या दिवशी तो होल चारदा चालून पाहण्याची गरज होती.

आपल्याकडे मुलीच्या पाठीशी घर लागते, हेही सांगायला हवे. भारताची गोल्फपटू अदिती अशोक हिची बॅग रिओ ऑलिंपिकला तिच्या वडिलांनी आणि टोकियोला तिच्या आईने वाहिली, आणि टोकियोत ती चौथी आली तेव्हा पदक फक्त एका फटक्याने हुकले होते. आपलीच दुसरी गोल्फपटू दीक्षा डागर हिला ऐकू कमी येते. तिलाही तिच्या वडिलांनीच खेळ शिकवला. अमेरिकेची नामवंत गोल्फपटू नॅन्सी लोपेझ शाळेत असताना मुलींचा संघच नव्हता, म्हणून ती मुलांच्या संघातून खेळली. तिचे वडील मोटारींच्या पत्र्याची दुरुस्ती करत. तुमच्या चौघींच्या आईवडिलांना एकदा मैदानावर बोलवा, बाई. ऊन, एकटे चालणे, परतायला होणारा उशीर, कपडे, मासिक पाळीच्या दिवसांत साडेचार तासांच्या फेरीत स्वच्छतागृह कोठे आहे, हे सगळे प्रश्न आया तुम्हाला विचारणार नाहीत, पण मुलींना घरी थांबवताना त्यांच्या मनात तेच असतात.

क्रीडाशिक्षिका, फोंडा

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल ऋणी आहे. कालच आमच्या सभागृहात लाद्यांच्या सांधेवर नाणी मांडली. चौघींपैकी सर्वांत लांब मारणाऱ्या मुलीचे वीसपैकी केवळ सात पट मधून गेले आणि ती बराच वेळ नाण्यांकडे बघत बसली. व्हॉलीबॉलच्या संघाचा गुणफलक सांभाळणारी वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी हे आकडे वहीत लिहीत होती. तिला आजवर कोणत्याही संघात घेतलेले नाही. शेवटी मी तिच्या हाती पटर दिला. तिचे अकरा गेले.

तिला हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारा अधिकृत आकडा, कसा मिळवून द्यावा? आणि सभासदांच्या वेळेचा प्रश्न कसा सोडवावा?

राजबागकर

अकरा पुष्कळ झाले. तिला सोडू नका.

हँडिकॅपसाठी ५४ होलांची स्कोअरकार्डे लागतात. ती नऊ-नऊ होलच्या सहा फेऱ्यांतूनही भरता येतात, म्हणजे आपले नऊ होलचे मैदान त्याला पुरते. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत हँडिकॅपची कमाल मर्यादा ५४ आहे आणि नवशिकीने एका होलवर कितीही फटके मारले, तरी पार अधिक पाचपेक्षा जास्त धरले जात नाहीत, त्यामुळे तिने पहिल्या फेरीला घाबरू नये. स्कोअरकार्ड दुसऱ्या कोणी तरी सोबत चालून भरून सही केलेले असावे, आणि गोल्फ संस्थेमार्फत नोंदवले जावे.

वेळेविषयी भांडू नका. सभासदांना सकाळ हवी असते, कारण दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि चेंडू सरळ राहत नाही. तुम्ही आठवड्यातील मधल्या दिवसांची दुपारी साडेतीननंतरची वेळ मागा. ती बहुधा रिकामी असते आणि शुल्कही कमी लावण्याची विनंती करता येते. तोच वारा मुलींना चेंडू खालून नेणारा फटका शिकवील. चेंडू उजव्या पायाकडे थोडा मागे घ्यायचा, नेहमीपेक्षा एक क्रमांक लांबच्या पल्ल्याचा क्लब वापरायचा आणि हात खांद्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. हे मी त्यांना एका दुपारी दाखवू शकतो, त्याचे मानधन नको.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत गवत पुरेसे कोरडे होते. बुधवार निवडा. पाचही जणींना आणा, आईवडिलांपैकी ज्यांना येता येईल त्यांनाही आणा, आणि पटिंगच्या वह्या सोबत असू द्या. कोणी कितव्या क्रमांकावर खेळायचे, ते त्या पाहिल्यावरच ठरवू.