कोल्हापुरातल्या समाध्या आणि जुन्या वास्तू: पायी फिरून फोटो काढायचेत, क्रम कसा लावू?

इचलकरंजीकर:
नमस्कार मंडळी. रविवारी सकाळच्या एसटीनं येऊन दिवसभर पायीच फिरायचं ठरवलंय. डोक्यात नवा राजवाडा, टाऊन हॉल आणि पंचगंगेकाठच्या छत्रपती घराण्याच्या समाध्या आहेत. लेन्स एकच, ५० मिमी. शंका दोन. काळ्या दगडाची वास्तू फोटोत नुसता ठोकळा दिसते, तिला काय करायचं? आणि घाटाजवळच स्मशानभूमी आहे, तिथं कॅमेरा बाहेर काढलेला चालतो का?

उत्तरेश्वरपेठेतला:
भावा, घाट शेवटाला ठेवा. नदी गावाच्या पश्चिम अंगाला, त्यामुळं सकाळी ऊन पाठीमागनं येतं आणि समाध्यांची नदीकडची बाजू सावलीत राहते. दुपार कलली की तेच ऊन पाण्यावरनं सरळ दगडावर येतं.

सकाळी नवा राजवाडा करा. १८७७ ते १८८४ या काळात बांधलाय, मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानं. तिथनं टाऊन हॉल आणि समोरचं सीपीआर रुग्णालय, दोन्ही मँटचीच. एकाच माणसाचं काम पाठोपाठ बघायला मिळतं. टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. ती डोळे भरून बघा, फोटोचं आत विचारून घ्या. पुढं सोन्या मारुती, तोरस्कर चौक करत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर. १९४५-४६ च्या उत्खननात इथं सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आली. तिथनं उतरला की घाटच.

आता दगडाचं. आभाळ चौकटीत आलं की कॅमेरा आभाळाचा उजेड धरतो आणि बेसाल्ट, म्हणजे हा काळा दगड, अंधारात बुडतो. आभाळ कापा, उजेडाचं मोजमाप दगडावरनं घ्या. नुसत्या दगडानंच चौकट भरली तर उलटं होतं, कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो. मग एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) पाऊण स्टॉप खाली घ्या. आणि जवळ जावा. पुराचं पाणी ओसरलं की नक्षीच्या खाचांत गाळ बसतो, वाळला की फिकट मातकट दिसतो. पाकळीची एकेक कड त्यानं उठून येते. तो खरवडू नका, पाणीही मारू नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ ला नदी त्याच्या बरीच वर गेली होती, हा गाळ त्याच नदीचा. माझ्या मते समाधीचा फोटो तो धरूनच काढावा.

स्मशानभूमीचं स्पष्ट सांगतो. महापालिका तिथं अंत्यसंस्कार विनामूल्य करते, गावातल्या घराघरातलं माणूस तिथंच जातं. लेन्स तिकडं फिरवू नका, लांबूनही नको. कुणाची अंत्ययात्रा येत असली तर कॅमेरा पिशवीत घालून बाजूला उभं राहायचं. बागल चौकातल्या कब्रस्तानातही तसंच, आधी तिथल्या माणसाला विचारायचं आणि थडग्यावरची नावं टिपायची नाहीत.

रंकाळा_संध्याकाळ:
वरच्यांशी सहमत. एक भर घालते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लॉरेन्सला वारले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथं १८७४ साली उभारलेली त्यांची छत्रीही (घुमटाचं स्मारक) मँटनंच आखली. तिचे फोटो आधी बघून या, म्हणजे घाटावर घुमट आणि खांब बघताना नजर आपोआप कामाला लागेल. आणि पुष्कळांना महाराणी ताराबाईंची समाधी इथंच वाटते. ती साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. इथं त्यांचा घोड्यावरचा पुतळा आहे, कावळा नाक्यावर.

इचलकरंजीकर:
मनापासून आभार. स्मशानभूमीचं लिहिलंत ते बरं केलंत, मी लांबून काढणारच होतो, आता नाही. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, कुठं बघायला मिळतील?

उत्तरेश्वरपेठेतला:
करवीर तालुक्यातल्या बीडला. ते पायी जमायचं नाही, वेगळा दिवस काढा. वीरगळ खालनं वर वाचायचा. तळाला लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाच्या पूजेला बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. झिजलेला असला तर मोबाइलची बॅटरी समोरनं न मारता अगदी कडेनं, दगडाला घासून गेल्यागत धरा. तलवारीसुद्धा दिसतील.