एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी घनावस्था भौतिकी घ्यावी की खगोलभौतिकी?

चर्चाप्रस्ताव:
माझ्या भाचीचे एम.एस्सी. भौतिकशास्त्राचे पहिले वर्ष झाले असून तिला आता या दोहोंतून एक विशेष विषय निवडायचा आहे. तिचा ओढा खगोलभौतिकीकडे आहे, पण तिने घनावस्था, म्हणजे घन पदार्थांचे भौतिकशास्त्र, घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे विद्यार्थ्याच्या हाताला काम असते. काच स्वच्छ धुऊन तापवायची, तिच्यावर पातळ थर बसवण्यासाठी द्रावणाचा फवारा सोडायचा, थर पांढरट पडून सुटू लागला की तापमान बदलून पुन्हा सुरुवात करायची आणि शेवटी क्ष-किरण विवर्तनाच्या, म्हणजे थरातील अणूंची मांडणी दाखवणाऱ्या चाचणीच्या, आलेखात अपेक्षित शिखरे येतात का ते पाहायचे. सौरघट असो वा सेमीकंडक्टर, हा सराव उपयोगी पडतोच.

प्रतिसाद १ (रेडिओ खगोलशास्त्रातील संशोधक):
असहमत. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत आणि तिथल्या निरीक्षणांची माहिती ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होते. त्या माहितीतून मानवनिर्मित रेडिओ व्यत्यय वेचून काढताना विद्यार्थी पायथन ही संगणकभाषा, संख्याशास्त्र आणि संकेत-प्रक्रिया शिकतो; हेही हाताचेच काम आहे. शिवाय प्रयोगशाळेतील तंत्र पीएच.डी.च्या काळात आत्मसात करता येते, पण सामान्य सापेक्षता, म्हणजे आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, वर्गात कोणी शिकवला नाही, तर तो एकट्याने पचवणे फार जड जाते.

प्रस्तावकाचे उत्तर:
पीएच.डी.ला प्रवेश मिळेल हे आपण गृहीत धरत आहात. पीएच.डी.साठीच्या जेस्ट किंवा नेट या परीक्षांत यश आले नाही, तर पदवीवरच नोकरी शोधावी लागेल, याचा विचार घरच्यांनी करायचा नाही का?

प्रतिसाद २ (थिन फिल्मवर, म्हणजे पातळ थरांवर, काम करणारी प्राध्यापिका):
या दोन विषयांत तुम्ही दोघे मानता तेवढी मोठी भिंत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची, म्हणजे कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांतून उठणाऱ्या तरंगांची, वेधशाळा होणार आहे. तिच्या भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. अशा यंत्रातील आरशांवर पातळ थरांचे लेपन असते आणि त्या थरांतील औष्णिक गोंगाट, म्हणजे उष्णतेमुळे होणारी सूक्ष्म थरथर, यंत्राच्या संवेदनक्षमतेला मर्यादा घालतो. म्हणजे विश्वातील कृष्णविवरांची टक्कर ऐकण्यासाठी आमच्याच विषयातील माणसे लागतात.

प्रतिसाद १ यांचे उत्तर:
उदाहरण मान्य आहे, निष्कर्ष नाही. लेपनावर आयुष्य घालवायला आनंदाने तयार असलेल्या मुलीला ते लागू पडते. जिला टक्करीचे गणितच करायचे आहे, तिला नव्हे. मात्र एक विचारतो: तिच्या विभागात खगोलभौतिकी शिकवते कोण?

प्रस्तावकाचे उत्तर:
पूर्णवेळ कोणी नाही. तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापक येतात आणि पुढच्या वर्षी ते असतील की नाही, हे विभागालाही सांगता येत नाही.

प्रतिसाद १ यांचे उत्तर:
मग माझा सल्ला बदलतो. तिने घनावस्था घ्यावी, पण प्रकल्पासाठी पुण्यातील आयुका किंवा एनसीआरए या खगोलशास्त्र संशोधन संस्थांतील मार्गदर्शकांना आत्ताच पत्र लिहावे आणि सापेक्षतेचा ऐच्छिक पेपर उपलब्ध असेल तर तो सोडू नये.