आतड्याभोवती पडदा आणि अचानक अडथळा: कारण काय असावे?

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला असह्य पोटदुखी, हिरवट उलट्या आणि फुगलेले पोट अशा अवस्थेत तातडीने दाखल करावे लागले. सीटी स्कॅनवरून ‘अ‍ॅब्डॉमिनल ककून’चे निदान झाले आहे. पूर्वी पोटाची एकही शस्त्रक्रिया झालेली नसताना असे का व्हावे?

उत्तर १: पोटाच्या आतील अस्तराला दीर्घकाळ सूज राहिली, तर लहान आतड्याभोवती जाड तंतुमय पडदा तयार होतो आणि त्यात आतड्याची वेटोळी एकत्र आवळली जातात. पोटाचा क्षयरोग किंवा अनेक वर्षांचे पेरिटोनियल डायलिसिस (मूत्रपिंड निकामी झाल्यावर पोटात द्रव सोडून रक्त शुद्ध करण्याची पद्धत) ही परिचित कारणे आहेत. मात्र पुष्कळदा कारण सापडतच नाही. ‘अ‍ॅब्डॉमिनल ककून’ हे नाव १९७८ मध्ये रूढ झाले, तेव्हाचे रुग्ण किशोरवयीन मुली होत्या. परंतु हा आजार पुरुषांनाही होतो.

उत्तर २: शस्त्रक्रियेत पडदा हलक्या हाताने सोलून आतडे मोकळे करतात. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असल्याने हे काम फार जपून करावे लागते, आणि आतडे निकामी झाले नसेल तर ते कापणे टाळतात. शस्त्रक्रिया झाली असेल, तर काढलेला पडदा तपासणीला पाठवला आहे का, हे कृपया आजच विचारा. क्षयरोग निघाल्यास औषधोपचार लगेच सुरू करता येतील.