मदत हवी आहे: जुनी डस्टर घ्यावी का?

नाशकात एक रेनो डस्टर पाहिली आहे. डिझेल, ८५ पीएस, २०१४ ची, एमएच १५ पासिंग, दुसरा मालक, ९८,००० किमी. मागताहेत ३.४० लाख. आरसीवर बोजा नाही, विमा चालू आहे, तेवढं तपासलंय.

पाथर्डी फाटा ते घोटी चालवून आणली. पिकअप ठीक, धूर नाही, क्लच मात्र जड वाटला. खड्ड्यात पुढून डावीकडे खटखट येते. ओळखीचा मिस्त्री म्हणतो लिंक रॉड असेल, किरकोळ काम.

खरी अडचण वेगळीच. सर्व्हिसच्या नोंदी ६२,००० ला थांबतात. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे (इंजिनातला पट्टा, तो ठरावीक काळाने बदलावा लागतो), तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. मालक म्हणतात, "बाहेर बदललाय", पण बिल नाही. (बिल नाही म्हणजे बदललाच नाही, असं मी धरून चाललोय.)

आमचं रनिंग महिन्याला ७००-८०० किमी, त्यात कसारा घाट दोन-तीनदा. खर्चासकट चार लाखांवर जायचं नाही. पेट्रोल सुचवू नका, घरात एक आहे.

बेल्ट किट, वॉटर पंप आणि क्लच मिळून नाशकात साधारण किती खर्च येतो? आणि अंबड-सातपूर भागात डस्टरचा हात बसलेला, घेण्याआधी गाडी तपासून देणारा मिस्त्री कोणाच्या माहितीत आहे का?